लांब गाडी घ्यायची, पण मागे बसणार कोण?

प्रश्न : मर्सिडीजची ई-क्लास घ्यायचा विचार आहे. परदेशात हीच गाडी आखूड व्हीलबेसमध्ये (म्हणजे पुढच्या नि मागच्या चाकांतलं अंतर कमी) मिळते आणि चालवायला जास्त चपळ असते, असं भाचा सांगतो. गाडी मी स्वतःच चालवतो. इथे आखूड मिळेल का? (पुणे)

उत्तर : भाच्याचं म्हणणं खरं आहे, पण शोरूममध्ये त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे नेहमीची ई-क्लास सेडान २०१७ पासून लांब व्हीलबेसचीच येते, आणि बनते तुमच्या शेजारी, चाकणला. सध्याच्या पिढीत आखूड गाडीचा व्हीलबेस २९६१ मिमी आहे, लांब गाडीचा ३०९४. म्हणजे फरक १३३ मिमी, साधारण अर्धी वीत. ही सगळी अर्धी वीत मागच्या माणसाच्या गुडघ्यांपुढे जाते. स्टीअरिंगमागे बसणाऱ्या तुम्हाला त्यातलं काही मिळत नाही.

निवड करायची संधी खरी आहे ती बीएमडब्ल्यूच्या ३ सीरिजमध्ये. तिच्या लांब गाडीचा (आधीचं नाव ग्रॅन लिमोझीन) व्हीलबेस २९६१ (हो, परदेशातल्या आखूड ई-क्लासएवढाच!) आणि आखूड एम३४०आयचा २८५१. मात्र आखूड हवी तर सहा सिलिंडरचं इंजिन आणि त्याची किंमतही पत्करावी लागते. मागची सीट वर्षातले तीनशे दिवस रिकामी राहणार असेल, तर मी एम३४०आयच घेईन. आणि ई-क्लासवरच मन बसलं असेल, तर निदान मागे बसून बघण्यात वेळ घालवू नका. चालवून बघा.

प्रश्न : आमच्या भागात स्पीडब्रेकर भयंकर आहेत. लांब गाडीचं पोट घासतं म्हणतात. खरं का? (कोल्हापूर)

उत्तर : घासतं, पण त्याचं खापर व्हीलबेसवर उगाच फुटतं. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. त्यावर गाडीची चारही चाकं एकाच वेळी मावतात. हिशेब केला तर आखूड ई-क्लासच्या पोटाखाली गतिरोधकाची ६.४ सेंमीच उंची येते, लांब गाडीच्या पोटाखाली सात. फरक सहा मिलिमीटरचा!

पण तुमचे स्पीडब्रेकर तसे नाहीत. गावातल्या पोरांनी रात्रीत ओतलेला डांबराचा वरवंटा तो. पुढची चाकं उतरून गेलेली, मागची अजून अलीकडे, आणि अख्खा वरवंटा पोटाखाली. तिथे व्हीलबेस कितीही असो, उंची पूर्णच लागते. कामाला येतो तो ग्राउंड क्लिअरन्स (जमीन नि गाडीचं पोट यांतलं अंतर), आणि तो खातात मागे बसलेली तीन माणसं नि डिकीतलं सामान. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरच्यांना घेऊन जा. मी करतो ती युक्ती सांगतो : तुमच्या सगळ्यात वाईट स्पीडब्रेकरच्या माथ्यावर, दोन्ही चाकांच्या मधोमध येईल अशी काडेपेटी आडवी ठेवा आणि भरलेली गाडी सावकाश वरून काढा. पेटी जागेवर राहिली तर निर्धास्त व्हा. सेल्समन हसेल, हसू दे.

लांबी खरी जाणवते ती वळताना. चाकं तेवढीच वळत असतील, तर वळणाचं वर्तुळ व्हीलबेसच्या प्रमाणात वाढतं, इथे साडेचार टक्क्यांच्या आसपास. अकरा-साडेअकरा मीटरच्या वर्तुळात हा अर्धा मीटर होतो. अरुंद रस्त्यावर एका दमात होणाऱ्या यू-टर्नला मग एकदा रिव्हर्स घ्यावा लागतो.

प्रश्न : आई-बाबांसाठी लांब गाडी घेतोय. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. निर्णय बरोबर आहे ना? (ठाणे)

उत्तर : पाय पसरायला जागा मिळेल, मागचं दारही लांब असल्याने पाय आत घेणं सोपं जाईल. पण सेडानची सीट खालीच असते आणि उठताना जोर गुडघ्यांवरच येतो. व्हीलबेस वाढवून सीट उंच होत नाही. आईंना शोरूममध्ये न्या, नेहमीच्या साडी-चपलेत तीनदा बसवा, तीनदा उतरवा. तिसऱ्या वेळी त्या हात कुठे टेकवतात ते बघा. दाराची चौकट घट्ट धरून उठावं लागत असेल, तर गाडी कितीही लांब असो, त्यांच्यासाठी ती नव्हे.

आणि हो, लांब दाराला उघडायला बाजूला जागाही जास्त लागते. तुमच्या पार्किंगमधल्या खांबापासूनचं अंतर टेपने मोजून मगच शोरूमला जा. गाडीची लांबीही लक्षात घ्या : ई-क्लास ५०९२ मिमी, ५ सीरिज लाँग व्हीलबेस ५१६५. सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल, तर त्याच्या फळीवर लिहिलेली मर्यादा आधी वाचा.

मागे तिघं बसणार असतील, तर मधल्याचं काही भलं होत नाही. गाडी लांब होते, रुंद नाही. पायाखालचा मधला उंचवटा आहे तिथेच राहतो.

प्रश्न : जुनी ई-क्लास बघतोय, एक २०१६ ची, एक २०१८ ची. (नागपूर)

उत्तर : मागे बसणार असाल तर २०१८ ची. पहिलीचा व्हीलबेस २८७४, दुसरीचा ३०७९, वीसेक सेंमीचा फरक. फक्त मागच्या दाराला कुठे ठोकलेलं नाही ना, ते बारकाईने तपासा. आखूड गाडीचं दार किंवा त्याची काच तिला बसत नाही. सौदा करण्याआधी या दाराचा भाव सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

प्रश्न : लांब गाडीला जीएसटी जास्त लागतो का? (गोवा)

उत्तर : नाही. लांबीची रेषा चार मीटरवर आहे, आणि ती आखूड व्हीलबेसची ई-क्लास किंवा ३ सीरिजही केव्हाच ओलांडते.