मॅट्रिक्सला ओळी आणि स्तंभ असतात, तसा तिसरा अक्ष जोडता येतो का? गुणाकार कसा करायचा?

हो, येतो. अशा ठोकळ्याला टेन्सर म्हणतात. पुण्यातल्या पीएमपीच्या बसचंच घ्या: ओळींत स्वारगेट, कात्रज, शिवाजीनगर हे थांबे, स्तंभांत तास, आणि सोमवार ते रविवार असे सात थर. ठोकळ्याच्या प्रत्येक घरात चढलेल्या प्रवाशांची संख्या.

गुणाकारात मात्र 'कोणत्या दिशेने बेरीज?' हे आधी ठरवावं लागतं. समजा पहिला थर (१ २ / ३ ४) आणि दुसरा (५ ६ / ७ ८). थरांच्या दिशेने (१, १) या सदिशाने गुणलं की (६ ८ / १० १२) उरतं, म्हणजे साधी मॅट्रिक्स. दिशा बदला, उत्तर बदलतं.

खरी गंमत कोटीत, म्हणजे रँकमध्ये आहे: सदिशांच्या गुणाकारातून बनणारे साधे तुकडे कमीत कमी किती जोडले की ठोकळा तयार होतो, ती संख्या. २×२ मॅट्रिक्सची कोटी २ च्या वर जातच नाही, पण काही २×२×२ ठोकळ्यांची ३ असते! मला हे फार सुंदर वाटतं. १९६९ मध्ये जर्मन गणितज्ञ फोल्कर श्ट्रासेन यांनी २×२ मॅट्रिक्सचा गुणाकार आठऐवजी सात गुणाकारांत केला. दोन्ही मॅट्रिक्स आणि उत्तर यांची प्रत्येकी चार घरं, म्हणून या गुणाकाराचा ठोकळा ४×४×४ चा; त्यातला प्रत्येक साधा तुकडा म्हणजे एक गुणाकार, आणि त्याची कोटी नेमकी ७ आहे.

निश्चयकाचं त्रिमितीय रूपही आहे, २×२×२ साठी ते ब्रिटिश गणितज्ञ आर्थर केली यांनी एकोणिसाव्या शतकातच काढलं होतं. पण आधी वहीवर दोन थर मांडून तिन्ही दिशांनी बेरीज करून बघा.