सही करण्याआधी मायकेल ओहरची पूर्ण गोष्ट वाच

प्रिय मित्रा,

तुझं चार पानी पत्र मिळालं. वाचकांसाठी त्यातलं मोजकं सांगतो, तुझं नाव-गाव मात्र माझ्याकडेच राहील. तू कोल्हापुरात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहेस. तू सातवीत असताना आई गेली, वडील दारूच्या आहारी, आजीनं धुणीभांडी करून तुला वाढवलं. कॉलेजच्या आणि पेठेतल्या एका संघात तू लेफ्ट विंगला खेळतोस. शाहू स्टेडियमवर बॉल तुझ्या पायात आला की गॅलरी उठून उभी राहते. आता एक साहेब म्हणतात, मुंबईला चल, राहणं-खाणं-बूट सगळं माझ्याकडे, तू मला मुलासारखाच. त्यासाठी कॉलेज तूर्त सोडायचं आणि पुढची दहा वर्षं फुटबॉलमधून मिळेल त्यातला चाळीस टक्के वाटा त्यांना, असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं. गेल्याच महिन्यात तुला अठरा पूर्ण झाली. तू विचारतोस, "सर, त्या इंग्रजी पिक्चरमधल्या मायकेलसारखं माझंही नशीब उघडतंय. सही करू ना?"

नको करूस. या कागदावर तर नकोच.

तू पाहिलेला पिक्चर 'द ब्लाइंड साइड', २००९ सालचा, सँड्रा बुलकला ऑस्कर मिळवून देणारा. त्यातला मायकेल ओहर खरा आहे. त्याचा खेळ आपला फुटबॉल नव्हे, तो अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो. पण त्याच्या आयुष्यातलं बरंच काही तुझ्या कामाचं आहे, आणि त्यातलं महत्त्वाचं पिक्चरमध्ये नाही.

ओहर १९८६ साली मेम्फिस शहरात जन्मला. बारा भावंडं, आई व्यसनात, वडील बहुतेक काळ तुरुंगात. कधी सरकारनं नेमलेल्या पालकांच्या घरी, कधी कुणाच्या सोफ्यावर अशी त्याची वर्षं गेली. शाळेच्या पहिल्या नऊ वर्षांत अकरा शाळा झाल्या, पहिली आणि दुसरी दोन्ही इयत्ता त्याला पुन्हा कराव्या लागल्या. टुई नावाच्या श्रीमंत कुटुंबानं त्याला घरी नेलं, हे तू पाहिलंस. त्याच्याही आधी ओळखीतल्या एका माणसानं स्वतःच्या मुलाबरोबर त्याला चांगल्या शाळेत नेऊन उभं केलं होतं. पुढे एका शिक्षिकेनं त्याला रोज अभ्यासाला बसवलं. मुलगा असा अनेक हातांनी वर येतो. तुझी आजी त्यातला पहिला हात आहे, हे पत्रात तू एका ओळीत उरकलंस, मला ती ओळ खूप मोठी वाटली.

अमेरिकेत कॉलेजच्या संघात खेळायचं तर शाळेच्या ठरावीक विषयांत किमान ग्रेड लागते. ओहरची सरासरी एके काळी चारपैकी एकाच्याही खाली होती. एवढा दांडगा खेळाडू, पण मार्कशीटवर अडला असता. जादा कोर्स करून त्यानं ती वर आणली आणि २००५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या संघात आला.

आता तुझ्या प्रश्नाला थेट भिडणारी गोष्ट. जानेवारी २००८ मध्ये, कॉलेजचं एक वर्ष शिल्लक असताना, त्यानं एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीसाठी नाव दिलं. समोर पैसा होता आणि मागे असं बालपण. दोनच दिवसांत त्यानं नाव मागे घेतलं आणि शेवटचं वर्ष पूर्ण करायला कॉलेजात परतला. त्या हंगामात तो देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या संघात निवडला गेला. २००९ मध्ये हातात क्रिमिनल जस्टिसची (गुन्हे आणि न्यायव्यवस्था या विषयाची) पदवी आणि पहिल्याच फेरीत, तेविसाव्या क्रमांकावर, बाल्टिमोर रेव्हन्समध्ये निवड. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो सुपर बोल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघात होता. मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत ते दोन दिवस सर्वांत मोलाचे वाटतात.

आणि सहीचं. २००४ मध्ये, अठरा पूर्ण झाल्यावर, ओहरनं एका कागदावर सही केली. आपल्याला दत्तक घेतलंय असं आपण धरून चाललो, असं तो सांगतो. प्रत्यक्षात तो कन्झर्व्हेटरशिपचा कागद होता. म्हणजे आर्थिक करार करण्याचा त्याचा अधिकार टुई जोडप्याच्या हाती गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये तो कोर्टात गेला, सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी ती व्यवस्था रद्द केली. धडधाकट माणसावर अशी व्यवस्था आपण पूर्वी कधी पाहिली नव्हती, असं त्या म्हणाल्या. टुई कुटुंबानं फसवणुकीचा आरोप नाकारला आहे, त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण प्रेम असलं तरी कागद वाचावाच लागतो. तुझ्या साहेबांबद्दलही मी एवढंच म्हणतो.

अठरा पूर्ण झाल्यानं तू केलेला करार आता कायद्यानं तुला बांधतो, म्हणून ही घाई असावी असं मला वाटतं. शिवाय खेळाडू एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जाताना मिळणाऱ्या पैशात त्रयस्थ माणसाचा वाटा ठेवायला फिफानं २०१५ पासून बंदी घातली आहे. एजंट म्हणून काम करायचं तर फिफाचा परवाना लागतो. तो आहे का, हे साहेबांना सरळ विचार. कागदाची प्रत माग. ती घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. कमी उत्पन्नाच्या घरातल्या माणसाला तिथे वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. प्रत द्यायला नकार आला, तर तुझं उत्तर तुला तिथेच मिळालं.

कॉलेज सोडलंस तर विद्यापीठाचा संघ जातो, त्याबरोबर आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण पदाला लागणारं शिक्षण त्यातून माफ होत नाही, आणि वरच्या बहुतेक पदांना पदवीच लागते. कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कुठल्या पदाला चालतं आणि त्याची पडताळणी कशी होते, हे क्रीडा उपसंचालकांच्या कोल्हापूर कार्यालयात जाऊन विचार. आजवरची सगळी प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये लाव, घरातल्या घरात हरवतात ती. सुट्टीत भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्स कोचिंग कोर्स करता येतो. शाळांत मुलांना शिकवून चार पैसे मिळतील आणि खेळही सुटणार नाही.

कोल्हापूरच्या मुलाला वर जाता येतं का, असंही तू शेवटी खोडून लिहिलंयस. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

साहेबांना खरोखर मदत करायची असेल, तर ती कॉलेज चालू ठेवूनही होते. बूट, खुराक, सुट्टीत मुंबईतल्या क्लबची ट्रायल. तेवढं घे, मनापासून आभार मान, आणि सांग की सही वकिलाला दाखवल्याशिवाय करणार नाही. हे बोलायला जड जात असेल तर कॉलेजच्या जिमखाना प्रमुखांना सोबत ने. आणि कागदाची प्रत मिळाली की मलाही पाठव, आठवडाभरात मी तुला कळवतो.

तुझा,
करिअर मार्गदर्शक