सिरॅक्यूजचा २-३ झोन आमच्या कॉलेज टीमला का जमत नाही?

अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जिम बेहाइम यांनी ज्या झोनवर (माणसामागे न धावता आपापला भाग राखायचा डिफेन्स) कारकीर्द काढली, तोच लावूनही आपल्याला कॉर्नरमधून थ्री (लांबून तीन गुणांचे शॉट) बसतात, असं तुम्ही विचारलंय. झोन तोच नसतो, म्हणून.

पुस्तकी २-३ मध्ये दोन गार्ड वर (बास्केटपासून लांब), तिघं खाली: कडांना दोन फॉरवर्ड, मध्ये सेंटर. सिरॅक्यूजमध्ये बॉल विंगला (थ्री रेषेजवळ बाजूला) गेला की आधी त्या बाजूचा फॉरवर्ड वर धावतो. गार्ड पोचला की त्याच्याकडे माणूस सोपवून फॉरवर्ड उलटा कॉर्नरकडे. गार्ड पास झेलला गेल्यावर निघाला तर संपलं. फॉरवर्ड विंगला अडकतो आणि कॉर्नर मोकळा. पास हातातून सुटतानाच निघायचं. शिवाय फॉरवर्ड लांब हातांचे हवेत. २००३ च्या राष्ट्रीय फायनलमध्ये कॅन्ससच्या मायकल लीचा शेवटचा थ्री हकीम वॉरिकने कॉर्नरमध्ये झेपावून ब्लॉक केला. ८१-७८, बेहाइमांचं एकमेव राष्ट्रीय विजेतेपद.

दुसरं भोक फ्री थ्रो रेषेवर. तिथे बॉल गेला की सेंटर वर येतो. दोन्ही फॉरवर्डनी त्याच क्षणी आत सरकायला हवं, नाहीतर बास्केटखाली सोपा ले-अप. रिबाउंडचं (हुकलेला शॉट पकडण्याचं) दुखणं मात्र राहतंच, कारण बॉक्स आउट करायला, म्हणजे पाठीने अडवून धरायला, ठरलेला माणूस नसतो. शॉट सुटला की आपल्या भागातला जवळचा माणूस शोधून त्याला पाठ लावा.

बेहाइम १९६२ मध्ये स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आले, १९७६ ते २०२३ तिथेच ४७ सीझन मुख्य प्रशिक्षक. पण सुरुवातीपासून फक्त झोनच होता, हा गैरसमज. नोव्हेंबर २००९ मध्ये ले मॉइन या तेव्हा खालच्या डिव्हिजनमध्ये असलेल्या कॉलेजकडून सराव सामन्यात हरले, ते मॅन टू मॅन (प्रत्येकाने एकेक माणूस राखायचा) खेळून. त्यानंतर त्यांनी मॅन टू मॅनवर वेळ घालवणंच सोडलं. माझ्या मते खरा धडा हाच: आठवड्यात तीनच दिवस कोर्ट मिळत असेल तर दोन डिफेन्स अर्धवट शिकवू नका.

एक फरक लक्षात ठेवा. २०१९ पासून अमेरिकन कॉलेजांचीही थ्री-पॉइंट रेषा आपल्यासारखी ६.७५ मीटरवर आहे, म्हणजे झोनला जास्त जागा झाकावी लागते. सरावात पाच डिफेंडरसमोर सहा, मग सात अटॅकर उभे करा, ड्रिबल बंद, फक्त पास. गार्ड कुठे उशीर करतो ते पहिल्या दहा मिनिटांत दिसेल.