एल निनो आला म्हणून पूर टळतो का?

प्रश्न : ‘यंदा एल निनो’ अशी बातमी आली की आमच्याकडं लोक म्हणतात, आता पुराची भीती नाही, मळीत (नदीकाठच्या जमिनीत) बिनधास्त पेरा. हे कितपत खरं? (एक वाचक, शिरोळ)

उत्तर : त्या भरवशावर मळीत पेरू नका. विषुववृत्तावरचे पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे पॅसिफिकचं तापलेलं पाणी इंडोनेशियाकडं लोटत असतात. तिथली समुद्रपातळी त्यामुळं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा जवळपास अर्धा मीटर वर राहते. वारे मंदावले की हे पाणी पूर्वेकडं सरकतं, हाच एल निनो; पाठोपाठ पावसाचे ढगही सरकतात आणि आपला मान्सून अशक्त होण्याची शक्यता वाढते. शक्यताच, बरं का. २०१५ साली देशात सरासरीच्या ८६ टक्केच पाऊस झाला. १९९७ चा एल निनोही तसाच जबर, तरी पाऊस सरासरीइतका पडला. त्या वर्षी हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू सुमात्राकडच्या बाजूपेक्षा जास्त तापली होती. यालाच धन ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणतात, आणि त्यानं मान्सूनला हात दिला.

२०१९ ची गोष्ट तर ताजी आहे. उन्हाळ्यात सौम्य एल निनो होता, जूनमध्ये देशात सरासरीच्या ६७ टक्के पाऊस. तरी ऑगस्टमध्ये महापूर आला; पंचगंगा कुठवर आली, ते शिरोळकरांना आम्ही काय सांगावं! हंगामाचा अंदाज चार महिन्यांची, तीही अख्ख्या देशाची बेरीज सांगतो. पूर येतो तो घाटमाथ्यावरच्या चार-पाच दिवसांच्या पावसानं.

एल निनोचा आकडा बघायचाच तर ‘निनो ३.४’ म्हणजे विषुववृत्तावरच्या मध्य पॅसिफिकच्या पट्ट्याचा बघा. तिथल्या समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरीपेक्षा निदान ०.५ अंशानं जास्त हवं, तेही तीन-तीन महिन्यांच्या सरासरीत, सलग पाच वेळा. एका आठवड्याच्या आकड्यावर जाऊ नका. मार्च-एप्रिलमधले अंदाज सगळ्यात कच्चे असतात, आणि नेमके तेच जास्त गाजतात. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करा. पुरासाठी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : समुद्राची पातळी वाढते आहे, तर पंचगंगेचं पाणी मागं फुगेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच आहे. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पार बंगालच्या उपसागरात जातं. समुद्राची फुग मुखाजवळच्या सपाटीपुरती. पंचगंगेला फुगवटा येतो तो कृष्णा भरून वाहत असली की.

समुद्रपातळी १९०१ ते १९७१ दरम्यान वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटरनं वाढत होती, २००६ ते २०१८ मध्ये ३.७ नं. कारणं दोन : तापलेलं पाणी प्रसरण पावतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळतो. मात्र एका वर्षाच्या आकड्यावरून वाद घालू नका. २०१०-११ च्या ला निनात (एल निनोच्या उलट स्थितीत) जमिनीवर, विशेषतः ऑस्ट्रेलियात, इतका पाऊस पडला की जगाची समुद्रपातळी तात्पुरती सुमारे ५ मिलिमीटरनं उतरली होती.