कोणतं 172, ते आधी विचार

अनेक आशीर्वाद.

विमान उडवण्याचे उरलेले तास अमेरिकेत पुरे करणार हे वाचून बरं वाटलं. एक वाक्य मात्र खटकलं: ‘तिथंही सेस्ना 172च आहे, त्यामुळे नवीन काही नाही.’ तू इथं शिकलीस ते या छोट्या विमानाचं 172एस हे मॉडेल. तिथं भाड्याने मिळणार आहे ते 172एन, 1970च्या दशकाच्या उत्तरार्धातलं. वर पंख, चार सीट, नाकाखाली चाक. लांबून बघितलं तर फरक कळणारही नाही.

1955 साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान आजवर 44,000हून जास्त बनलं. सुरुवातीला इंजिन 145 अश्वशक्तीचं होतं, एनमध्ये 160, तुझ्या एसमध्ये 180. मधे 1986 नंतर दहा वर्षं उत्पादनच बंद होतं. भरपाईच्या दाव्यांनी अमेरिकेतल्या छोट्या विमानांच्या धंद्याचं कंबरडं मोडलं होतं. 1996पासून आलेल्या आर आणि एस मॉडेलांत फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल सिलिंडरपाशी फवारणं, आलं आणि हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर गेला. तुझ्यासाठी खरी सीमारेषा हीच.

कारण कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारा कार्ब हीटचा नॉब तू कधी ओढलेलाच नाहीस. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा इतकी गार होते, की बाहेर वीस अंश असतानाही दमट हवेत आत बर्फ धरतो. पहिली खूण म्हणजे आरपीएम, इंजिनचे मिनिटाचे फेरे, गुपचूप उतरतो. थ्रॉटल हलला असेल असं समजून नुसता पुढे ढकलत राहू नकोस. कार्ब हीट पूर्ण ओढ. मग इंजिन आधी जास्तच खडखडेल, कारण वितळलेलं पाणी त्यातून जातं. इथंच नवखे घाबरतात आणि नॉब परत आत ढकलतात. तू ढकलू नकोस, थांब.

स्टार्टिंगही निराळं. मे महिन्यात दुपारी, नुकतंच बंद केलेलं गरम इंजिन पुन्हा सुरू करताना एसने तुला किती रडवलंय ते मी बघितलंय. एनमध्ये तो त्रास बराच कमी. इंधन पंखांतून आपसूक खाली येतं, इलेक्ट्रिक पंप नाही, सुरू करण्याआधी इंजिनात थोडं पेट्रोल ढकलणारा प्रायमर हाताने मारायचा. पण मारून झाल्यावर तो लॉक झालाय ना, हे ओढून बघ. सुटा राहिला तर इंजिन जास्तीचं पेट्रोल ओढतं आणि अडखळत चालतं.

फ्लॅपचं, म्हणजे उतरताना पंखांमागून खाली सोडायच्या झडपांचं, मात्र नीट ऐक. तुझ्या एसला 30 अंशांच्या पुढे फ्लॅप नाहीत, एनला 40 आहेत. पूर्ण 40वर विमान झकास उतरतं, पण गो-अराउंड करायची, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायची, वेळ आली तर चढता चढत नाही. पूर्ण थ्रॉटल, कार्ब हीट बंद, फ्लॅप लगेच 20वर, वेग धरला की उरलेले हळूहळू मिटव. 1981च्या 172पीपासून कंपनीनेच 40 काढून टाकले. इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, पुरेशा उंचीवर, 40चा गो-अराउंड एकदा करून बघ. हाताला कळायला हवं.

पेट्रोलचाही हिशेब बदलतो. एसमध्ये वापरता येणारं सुमारे 200 लिटर, एनच्या साध्या टाक्यांत सुमारे 150. म्हणजे पन्नासेक लिटर कमी. काही एनना मोठ्या टाक्या असतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. त्या विमानाचं हॅन्डबुक उघड आणि टाकीत मोजपट्टी घाल. रिकाम्या विमानाचं वजनही त्या एका विमानाचंच हवं. इतक्या वर्षांत रंग, रेडिओ, सीटा बदललेल्या असतात. आणखी जुनं एखादं मिळालं तर वेगाच्या काट्यावर नॉट नसून ताशी मैल असतील, तेवढं बघ.

एसमध्ये काट्यांऐवजी असलेल्या काचेच्या पडद्यांची सवय आठवड्याभरात सुटेल, त्याची मला काळजी नाही.

तिथं पोचलीस की विमानाच्या वजनाच्या कागदाचा फोटो पाठव. इन्स्ट्रक्टर आणि तू, दोघांचं वजन धरून टाक्या पूर्ण भरता येतात का, ते गणित तू आधी कर. मी इकडे वेगळं करतो. मग फोनवर ताडून बघू.

तुझे सर