किमान वेतन वाढवलं तर सोलापुरात परराज्यातून आलेल्या कामगारांचं भलं होईल का?

होईल, पण आधी हजेरीचं पुस्तक खरं लिहिलं गेलं पाहिजे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या छोट्या टॉवेल कारखान्यांचे पगारपत्रक, पीएफ वगैरे कागद करतो. तिथे जे दिसतं ते सांगतो.

तुमचा प्रश्न यूपी, बिहार, ओडिशातून आलेल्या मजुरांबद्दल आहे. माणूस कुठला हे कायदा बघत नाही, दर सगळ्यांना एकच. आणि आकडा तसा वाढतच असतो. मूळ वेतनावर विशेष भत्ता मिळतो, तो महागाई निर्देशांकाप्रमाणे जानेवारी आणि जुलैत बदलतो.

खरी गोम तासांत आहे. किमान वेतनाचा रोज आठ तासांचा, मागावरची पाळी बारा तासांची. आठवड्याचे सहा दिवस धरले तर 72 तास झाले. 48 च्या वरचे 24 तास दुप्पट दराने, म्हणजे 48 तासांचे पैसे. एकूण 96 तासांचे, थोडक्यात बारा दिवसांचे रोज व्हायला हवेत. हातात सहाचे पडले तरी नशीब.

मग कागदावर हे जुळतं कसं? महिन्याला 26 दिवस राबलेल्या माणसाची हजेरी 14 दिवसांची लागते. दिलेल्या रकमेला 14 ने भागलं की रोज एकदम कायदेशीर! पीएफही तेवढ्यावरच कापला जातो. सरकारने दर वाढवला की पगार तसाच राहतो आणि पुस्तकातले दिवस 14 चे 12 होतात. असं पुस्तक मी घेत नाही, पण लिहून देणारे गावात कमी नाहीत.

"आम्ही तर नगावर देतो" हेही ऐकाल. नगावर द्या, पण किमान रोजाच्या खाली जाता येत नाही.

मालकांची बाजू अगदीच खोटी नाही. सुताचा भाव त्यांच्या हातात नाही, जॉबवर, म्हणजे दुसऱ्याच्या सुताचं मजुरीवर विणून देणाऱ्याच्या तर काहीच नाही. पण आज पूर्ण पगार देणारा मालक खोट्या पुस्तकवाल्यापुढे भावात मार खातो. म्हणून दर वाढवायला माझा पाठिंबाच आहे, फक्त पगार बँकेतून आणि हजेरी अंगठ्याच्या मशीनवर हवी.

सोलापूरला बाहेरून आलेले कामगार नवे नाहीत. तेलंगणातून आलेले पद्मशाली पिढ्यान्‌पिढ्या मागावर आहेत, त्यांच्या घरच्या बायका बिड्या वळतात. छाटीत, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्यांत, बिड्या गेल्या की मजुरीला कात्री लागते, ते भांडण अजून आहेच. तरी या बायका लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनखाली एकत्र आल्या आणि सोलापूरजवळच्या कुंभारीत त्यांची हजारो घरं उभी राहिली. आजच्या बिहारी पोराला ठेकेदार उचल देऊन आणतो, कारखान्यातल्याच खोलीत ठेवतो. तोंड उघडलं तर नोकरीबरोबर खोलीही जाते.

तुमच्या ओळखीचा कोणी असेल तर त्याला रोजचे तास वहीत लिहून ठेवायला आणि पाळीच्या बोर्डाचा फोटो काढायला सांगा. 1948 च्या कायद्यात कमी वेतनाच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, मजूर गावाकडे जाऊन येईपर्यंत ती संपायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती तीन वर्षं आहे.