विंडोज ७चा सपोर्ट संपलाय, तरी तो सुरक्षितपणे वापरता येईल का?

इंटरनेटला जोडणार नसाल तर खुशाल वापरा. जोडणार असाल तर खालच्या उपायांनी धोका कमी होईल, जाणार नाही. १४ जानेवारी २०२० नंतर सापडलेल्या त्रुटी सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी दुरुस्तच झालेल्या नाहीत, आणि अँटिव्हायरस त्या बुजवत नाही.

आधी उपलब्ध असलेले सगळे जुने अपडेट टाका. मग एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत बंद करा. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम याच वाटेने पसरला. ती त्रुटी बुजवणारा अपडेट (पॅच) मार्चमध्येच आला होता, पण अनेकांनी तो टाकलाच नव्हता. रोजच्या कामाला ॲडमिन खातं वापरू नका. बॅकअप घेतला की बाहेरची डिस्क काढून ठेवा.

बँकेचे व्यवहार मात्र या मशीनवर नकोतच, कारण विंडोज ७वर क्रोम ब्राउझरसुद्धा १०९व्या आवृत्तीवर थांबलाय. हार्डवेअर ठीक असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघा, मी तेच सुचवेन.